कॉर्नीचा डाग

नवीकोरी गिटार घ्यायची आणि मारून-झोडून म्हातारी करायची, हा नेल्डाचा धंदा. अमेरिकेतल्या कॅलामझू गावच्या गिटार-कारखान्यात ती बावीस वर्षं हेच करत होती. किल्ल्यांच्या जुडग्याने पोचे पाडायचे, पट्ट्याच्या बकलाने पाठ खरवडायची, ब्लेडने पॉलिशला तडे द्यायचे. लोकांना म्हणे नामवंत वादकाच्या नावाची गिटार हवी, आणि ती त्यानेच झिजवल्यासारखी दिसायलाही हवी. कशाला, ते लोकच जाणोत.

त्या सोमवारी नामवंत वादक वेस ट्रॅमेलची स्वतःची गिटार नमुन्याला आली. तिच्या दोनशे नकला निघणार होत्या, प्रत्येकीवर वेसची सही. मॅनेजर कर्टिसने पेटी उघडली आणि नेल्डा एक पाऊल मागे सरली. गिटारच्या डोक्यावर, खुंट्यांच्या शेजारी, करंगळीच्या नखाएवढा जळका डाग होता.

"काय गं, भूत पाहिलंस की काय?" कर्टिस म्हणाला.

"तुझं तोंड पाहिलं. जा, काम करू दे."

तो डाग वेसचा नव्हताच. तो तिच्या भावाचा, कॉर्नीचा. गिटारही त्याचीच. वाजवताना जळती सिगारेट खुंटीबाहेर आलेल्या तारेच्या टोकाला खोचायची आणि विसरून जायचं, ही त्याची खोड. आई ओरडायची, "एक दिवस घर पेटवशील मेल्या!" घर काही पेटलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत कार्यक्रमाहून परतताना बर्फावर गाडी घसरली आणि कॉर्नी गेला. तेवीस वर्षांचा होता. अंत्यविधीनंतर आईने गिटार उचलून वेसच्या हातात दिली, कारण दोघं एकाच बँडमधले. सतरा वर्षांच्या नेल्डाला कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे वेस मोठा झाला, जगभर वाजवून आला, पण एकाही मुलाखतीत त्याने कॉर्नीचं नाव काढलं नाही. ते नेल्डाला चाळीस वर्षं सलत होतं.

आता निदान डाग तरी दोनशे घरांत जाईल, असं तिने ठरवलं. एरवी असले डाग ती तापल्या सळईने द्यायची. या खेपेला तिने कॉर्नी ओढायचा तेच पाकीट आणलं. मागच्या दाराशी बर्फात उभं राहून एक सिगारेट पेटवली आणि खोकत खोकत आपण बनवलेल्या पहिल्या नकलेच्या तारेला खोचली. डाग हुबेहूब उतरला. तिला रडू आवरेना.

गुरुवारी दुपारी वेस पसंतीला आला. केस पांढरे, बोटांचे सांधे सुजलेले. ती नक्कल मांडीवर घेऊन त्याने अंगठा सगळीकडून फिरवला आणि डागावर थांबला.

"झकास झालीय. हा तेवढा काढा."

"काढूच की," कर्टिस घाईघाईने म्हणाला. "नाहीतरी सिगारेट हल्ली बरी दिसत नाही."

"तो कॉर्नीचा आहे!" नेल्डाचा आवाज फाटला. "एवढीही जागा देववत नाही तुला त्याला?"

वेसने चष्मा वर केला. "नेली? कॉर्नीची नेली?"

"चाळीस वर्षांत एकदाही नाव घेतलं नाहीस त्याचं."

"तोंडातून निघतच नाही गं." तो खाली बघत म्हणाला. "रोज वाजवायच्या आधी त्या डागावर बोट ठेवतो. बाकी सगळ्या खुणा माझ्या, त्या खुशाल विका. हा नाही. ज्यांनी त्याला पाहिलं नाही, त्यांच्या भिंतीवर त्याला कसा टांगू?"

नेल्डाकडे उत्तर होतं. असं लपवून ठेवलं तर आपण दोघं गेल्यावर त्याला ओळखणार कोण, हे तिला विचारायचं होतं. पण वेस चष्म्याखालून डोळे पुसत होता. या जगात कॉर्नीसाठी रडणारं आणखी एक माणूस आहे, हे तिला आजच कळत होतं. मग तो प्रश्न तसाच ठेवून तिने नक्कल त्याच्या मांडीवरून उचलली.

"दुसऱ्या कुणाकडून काढून घेतो," कर्टिस हळूच म्हणाला.

"हात लावायचा नाही कुणी!"

तिनेच तो घासला. भरला, रंगवला, पुन्हा घासला. वेस आपल्या गिटारची पेटी घेऊन निघाला तेव्हा त्याने झाकण उघडून धरलं. तिने खऱ्या डागावर एकदा बोट टेकवलं आणि त्याला जाऊ दिलं.

वसंतापर्यंत दोनशे गिटारी तयार झाल्या. प्रत्येक गिटार खोक्यात जाण्याआधी नेल्डा खुंट्यांच्या शेजारी बोट ठेवायची. दोनशे वेळा ते बोट कोऱ्या, गुळगुळीत पॉलिशवरून फिरलं. कर्टिसला वाटायचं, बाई धूळ पुसतेय.