फुआतिनोचा शनिवार

"सरळ उभी राहा गं. पोट आत ओढलं म्हणून वजन कमी भरत नाही," काट्याजवळची बाई म्हणाली. लहान विमानात सामानाआधी माणसं तोलतात. एरवी माझ्या वहिनीने, फुआतिनोने, तिला दोन शब्द सुनावले असते. आज ती मुकाट्याने खाली उतरली.

समुद्रापलीकडच्या बेटावर, अपियात, तिचा एकुलता एक भाऊ सेमिसी वारला होता. भाच्याने फोनवर सांगितलं होतं, "शनिवारी सकाळी माती देणार." बहिणीने तोंड पाहिल्याशिवाय भावाला खड्ड्यात उतरवायचं नाही, ही आमची रीत. तेवढ्यासाठीच तिची धडपड चालली होती.

"शुक्रवारीच निघू या," मी म्हटलं होतं.

"कशाला? कारखान्यातली पाळी बुडवायला? पागो पागोहून अपिया जेमतेम सव्वाशे किलोमीटर. ढुंगण टेकतंय तोवर उतरायची वेळ होते!"

ते खरंच होतं. अर्ध्या-पाऊण तासात उतरलो. बाहेर पाहतो तर सगळे चर्चला निघाल्यासारखे पांढऱ्या कपड्यांत, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या.

"शनिवारी चर्च?" फुआतिनोने विचारलं आणि तिचे पायच थबकले.

पंधरवड्यापूर्वी इथल्या सरकारने अख्खा शुक्रवार गाळून कॅलेंडर एक दिवस पुढे ढकललं होतं. आम्ही पागोवाले अमेरिकेच्या शेपटाला बांधलेले, आम्ही मागेच राहिलो; आमचा शुक्रवार तो यांचा शनिवार. रेडिओवर ते ऐकून आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो. पण जन्मभर दोन्हीकडे एकच वार पाहिलेला. घरात माणूस गेल्यावर कुणाला सुचतंय!

भाचा तालोसागा समोर आला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"आत्या, काल ऊन उतरेपर्यंत खड्डा उघडा ठेवला गं. फोन केला, तर कुणी उचलेना. वाटलं, निघाली असशील. आज रविवार, आज माती देता येत नाही, म्हणून मग..."

आम्ही तेव्हा कारखान्यात मासे साफ करत होतो.

"तुमचं काही चुकलं नाही रे बाळा," ती म्हणाली.

घर गाठेपर्यंत चर्च सुटलं होतं. सगळे चटयांवर जेवायला बसले होते, पाळकही. आम्हांला पाहताच माना खाली गेल्या. अंगणातल्या थडग्याचं सिमेंट अजून ओलसर होतं. फुआतिनो थेट तिथे जाऊन जमिनीवर बसली.

"सेमिसी," ती म्हणाली, "माझ्या घरी अजून शनिवारच आहे रे."



पाळकाने घास खाली ठेवला, हात धुतले आणि पुस्तक घेऊन तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मागोमाग एकेक जण उठून आला. मातीच्या वेळची प्रार्थना, गाणी, सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं. पानांवरचं जेवण गार होत होतं. फुआतिनो उठेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.