मीटरजवळची भिंत

साध्या प्लगवर गाडी चार्ज व्हायला अख्खी रात्र जाते, म्हणून शैलेशने तलासरीच्या घरी मोठा चार्जर बसवायला घेतला. "मीटरजवळच्या भिंतीवर लावा," तो वायरमनला म्हणाला.

"ती नको, मागची घ्या!" श्यामकांत गुरुजी तडकले.

"बाबा, उगाच केबल लांबवायची कशाला?"

गुरुजी कारण काय सांगणार, कपाळ? भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा गाव अंगणात ताडपत्र्या बांधून झोपलं, आणि गुरुजी साऱ्यांना हसले. मग त्यांच्याच भिंतीला तडा गेला. त्यांनी गुपचूप पुट्टी भरून वर रंग फासला होता.

शैलेशने ऐकलं नाही. मीटरजवळ ड्रिल लागलं मात्र, पोपडा धाडकन खाली आला. आत छतापर्यंत गेलेली, बोट जाईल एवढी भेग.

"बाबा, पलीकडून याच भिंतीला आईचा पलंग टेकलाय ना, उशाकडून?" शैलेशचा आवाज चढला. "तिला सांगितलंत?"

गुरुजी खाली वाकून पोपड्याचे तुकडे गोळा करू लागले.

वसुमतीबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "सांगायला कशाला हवं? ताज्या रंगाचा वास लपतो होय? दोन वर्षं झाली, पायथ्याकडे डोकं करून झोपते मी. यांनी एकदाही विचारलं नाही, का म्हणून."