पाचव्या खाटेचा मॉनिटर

नवजात बाळांच्या वॉर्डात पाचव्या खाटेचा मॉनिटर दुरुस्त होऊन आला आणि त्याच सकाळपासून नर्सच्या टेबलावरचा मोठा पडदा धड चालेना. कधी चौथ्या खाटेचे ठोके गायब, कधी पाचव्या. चौथ्या खाटेवर बाळ होतं, म्हणून तिथे एक नर्स बसवून ठेवली होती. पाचवी रिकामी होती. तिच्या मॉनिटरला चाचणीचे खोटे ठोके दिले होते. त्या खाटेसाठी एक कमी वजनाचं बाळ घेऊन अँब्युलन्स निघाली होती. पडदा सुधारला नाही, तर तिला वाटेतूनच दुसऱ्या हॉस्पिटलकडे वळवावं लागणार होतं. ते बरंच लांब होतं.

हेडसिस्टरने नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या तिच्या सख्ख्या वहिनी.

"वहिनी, घरी तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, त्याचा सूड इथे नको काढूस."

"तो मी घरीच काढते वन्सं. चहात कळला नाही का कधी?"

व्यवस्थापक घाईत होते. "स्विच जुना झालाय. नवा लावा, विषय संपवा."

"आधी त्याचं म्हणणं तर ऐकू, साहेब."

स्विच म्हणजे भिंतीवरच्या कपाटातला, वॉर्डातल्या सगळ्या केबली येतात तो डबा. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच स्वतःचा पत्ता मिळालेला असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवरून, म्हणजे केबल खोचायच्या कोणत्या भोकातून, बोलतो, हे स्विच ऐकून ऐकून शिकतो आणि उत्तर तिकडेच धाडतो. वहिनी लॅपटॉप जोडून केबली तपासत होत्या. केबली ठणठणीत होत्या.

"एक सांगू?" हेडसिस्टर म्हणाली. "दोन्ही एकदम गेलेत, असं एकदाही झालं नाही. आणि दोन्ही एकदम टिकलेतही नाहीत. चौथा आला की पाचवा जातो."

वहिनींनी मान वर केली. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू आल्यापासून त्या डब्याशीच बोलतेयस."

वहिनींनी स्विचने शिकलेले पत्ते लॅपटॉपवर आणले. एकच पत्ता चौथ्या पोर्टवरून पाचव्यावर आणि पाचव्यावरून चौथ्यावर उड्या मारत होता.

"मग तो एका पोर्टला कायमचा बांधून टाका," व्यवस्थापक म्हणाले.

"बांधते. चौथी खाट कायम दिसेल, पाचवी कधीच नाही. अँब्युलन्सला काय सांगू?"

वहिनींनी मॉनिटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"पाचव्यात चौथ्याची सेटिंगं जशीच्या तशी उतरवलीत का?"

"हो बाई. नेटवर्कचं नवीन कार्ड टाकलं होतं. सगळं परत भरत कोण बसणार? खाटेचा नंबर तेवढा आठवणीने बदलला."

"नंबर बदललात, पत्ता चौथ्याचाच राहिला."

"आलोच."

तो आला, काही सबब न सांगता मॉनिटर उघडला आणि कार्डावर छापलेला मूळ पत्ता भरला. वहिनींनी त्या दोन पोर्टवर शिकलेलं सगळं स्विचला विसरायला लावलं.

"आता शिकू दे त्याला नव्याने."

पडद्यावर चौथी खाट आली. मग पाचवी आली, आणि चौथी गेली नाही. हेडसिस्टर बराच वेळ उभ्यानेच बघत राहिली. मग तिने अँब्युलन्सला फोन केला. "या. खाट तयार आहे."

फोन ठेवून ती म्हणाली, "आज स्वयंपाक मी करते वहिनी."

"म्हणजे सूड तुम्ही काढणार."

बाळ आलं, तारा लागल्या. खोटे ठोके अगदी एकसारखे होते. हे तसे नव्हते, पण एकही सुटत नव्हता. सकाळपासून चौथ्या खाटेशी बसलेली नर्स तेव्हा कुठे उठली आणि जेवायला गेली.