गढूळ समुद्राचा पेन

मित्रांनो, लेथ सुरू झाला की अजूनही माझ्या पोटातली शाई गोठते. मी एक जुना पेन आहे, अंगावर पोस्टाचे तिकीट बाळगणारा. माझ्या जातीचे पेन लेथ नावाच्या या फिरत्या यंत्रावर, पटाशीच्या धारेखाली घडतात. त्या धारेची धास्ती मला जन्मताच बसली.

आधी मी बोटाएवढी पितळी नळी होतो. मला घडवणाऱ्या काकांकडे अशा नळ्यांचा डबाच होता. तिकिटांचे खाते काकूंचे. जुन्या पाकिटांचे तुकडे त्या कोमट पाण्यात भिजवत आणि सुटलेली तिकिटे टिपकागदावर वाळवत. माझ्यासाठी त्यांनी निळ्या समुद्रावरच्या बोटीचे तिकीट निवडले. त्यांचा भाऊ बोटीवर कामाला होता. तो वारला, त्याच्या शेवटच्या पाकिटावरचे हे तिकीट.

“कसर लागायच्या आत पेनात घाला,” काकू म्हणाल्या. “आणि जपून हं. त्याचं दुसरं काही नाही माझ्याकडे.”

“अगं, मी काय आज पेन करायला लागलोय?”

तिथेच माशी शिंकली. तिकीट चिकटवण्याआधी नळीला पांढरा रंग द्यावा लागतो. पातळ डिंक कागदाच्या तंतूंत शिरला की कागद तेल लागल्यासारखा आरपार दिसतो आणि खालचे पितळ वर डोकावते. काकांना हे पाठ होते. पण बोलण्याच्या नादात त्यांनी बिनरंगाची नळी उचलली. ती मी! डिंक लागला आणि निळा समुद्र बघता बघता पिवळट, गढूळ झाला. नळीला लागायचा पांढरा रंग काकांच्या तोंडावर चढला.

तिकीट आता सुटणार नव्हते. काकांनी दाराकडे पाहिले. काकूंच्या तिकिटांतून तसल्याच बोटीचे दुसरे तिकीट काढून टेबलावर ठेवले आणि बिघडलेले खरवडायला मला लेथवर चढवले.

“तिला कुठे कळणार आहे!” ते पुटपुटले.

मी गरागरा फिरू लागलो. पटाशी टेकली आणि तिकिटाचा एक कोपरा भुसा होऊन उडाला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. पुढची पाळी बोटीची होती.

तेवढ्यात काकू आत आल्या.

“अहो, हे दुसरं तिकीट कशाला काढलंत?”

काकांनी हात आवरला. पटाशी माझ्यापासून केसभर दूर.

“ते... जरा समुद्र बिघडला गं.”

“बंद करा आधी ते!”

काकूंनी मला उजेडात धरले. तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. आता या खरवडायला सांगणार, असे वाटून मी गारठलो.

“दिसतंय घाणेरडं,” त्या म्हणाल्या.

संपलो, मला वाटले.

“पण माझ्या भावाचं आहे. ते चकचकीत कुणाच्या भावाचं? आणि त्याला तरी रोज निळाच समुद्र मिळत होता का?” मग त्यांनी ते दुसरे तिकीट उचलून काकांपुढे धरले. “बिघडलं, त्याचा राग नाही. मला न सांगता बदलणार होतात, त्याचा आहे.”

काकांनी ते तिकीट घेऊन जागेवर ठेवून दिले.

माझ्यावर काचेसारखे आरपार दिसणारे पातळ रेझिन ओतले गेले. ते घट्ट झाल्यावर मला पुन्हा लेथवर चढावेच लागले, कारण गुळगुळीत होण्याला दुसरी वाट नव्हती. धार जरा खोल गेली असती तर बोट कायमची बुडाली असती. काका पटाशी टेकवत आणि लगेच मागे घेत. काकू शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सावकाश. घाई नाही मला.” तेव्हा कुठे पटाशी सलग चालू लागली.

काकूंनी मला पुष्कळ वर्षे वापरले. पाहुण्यांच्या खिशातले देखणे पेन मला हसत. गढूळ पाणी आणि तुटका कोपरा बघून पाहुणेही तोंड वाकडे करत. आता मी बहुतेक वेळ खणात पडून असतो. रेझिनला बारीक तडा गेला आहे, आणि दमट हवा आली की तो वाढेल या भीतीने मी आखडून बसतो.

मित्रांनो, कुणाची जपलेली वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर गुपचूप दुसरी आणून ठेवू नका. आधी ती त्यांना दाखवा. ओरडा खावा लागेल, भीतीही वाटेल. पण तुमच्या मुठीत असलेली ती वस्तू तुमच्याहून जास्त घाबरलेली असते, आणि तिला बोलता येत नाही.