मीताचं नाव

दह्यात कालवलेल्या तांदळाचा टिळा सुकला की कपाळ ओढल्यासारखं होतं.

गाजरं धुणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याला जाळी नव्हती.

डँडेनॉन्गच्या हॉलवर फलक: नेपाळचे श्रममंत्री माननीय टंक पराजुली यांचं स्वागत. खाली बारीक अक्षरात, गाड्या मागच्या गल्लीत लावा.

एकदा मीत लावला की मीताचं नाव तोंडातून काढायचं नाही. मरेपर्यंत.

या चारांचा एकमेकांशी संबंध आहे, पण तो सांगायचा तर गाजरांपासून सुरुवात करायला हवी.

बारा वर्षांपूर्वी सलिलकडे पुण्याची डिग्री होती, इथं कायम राहू देणारी पीआर होती, आणि गाजरं पॅक करायचं काम होतं. शेजारी उभा राहणारा एक नेपाळी मुलगा बोलण्यात वाघ, पण स्टुडंट व्हिसावर. फिजीच्या लीनाची दोन बोटं त्या पट्ट्यात गेली तेव्हा कंपनीला तक्रारीचं पत्र त्यानंच लिहिलं. सही मात्र त्याला परवडणारी नव्हती. सलिलनं एकट्यानं सही केली. आठवड्यात त्याची शिफ्ट बंद झाली, महिन्यात जाळी बसली.

आणि दोघांनी मीत लावला होता. रक्ताचं नातं नसलेल्यांनी टिळे लावून, वस्तू देऊन-घेऊन भाऊ व्हायचं, ही तिकडची रीत. मग एकमेकांना फक्त ‘मीतज्यू’ म्हणायचं. सलिलला नेपाळी ढाका टोपी मिळाली. त्यानं आपलं घड्याळ काढून दिलं.

मीत काठमांडूला परतला आणि त्या पत्राची गोष्ट सभासभांतून सांगू लागला. त्यावर तिकीट मिळालं, निवडून आला, मंत्री झाला. सलिलची बायको मंजिरी त्याला म्हणायची, अरे, तुझ्या सहीवर चाललंय त्याचं दुकान. सलिल हसायचा. वेळ आली की मीत सही कोणाची ते सांगेल, भर सभेत सांगेल, असं त्यानं बायकोला आणि मुलीला इतक्यांदा सांगितलं होतं, की आज तो एकोणीस वर्षांच्या स्वरदाला तिच्या युनिव्हर्सिटीतून उचलूनच घेऊन आला. ढाका टोपी घालून. दारातल्या पोरानं त्याला घरचाच समजून खुर्च्या लावायला लावल्या, त्यानं त्याही लावल्या.

पडद्यावर पत्र आलं. शेवटच्या ओळीखाली, सहीच्या वरच, फोटो कापलेला होता. मंत्री नेपाळीत सांगत होते, सही करताना माझा हात थरथरत होता, पण मी केली. सलिलला तेवढं नेपाळी कळत होतं. टाळ्या वाजल्या. स्वरदाही वाजवत होती, तिला कळत नव्हतं.

मंत्री खाली उतरले. सलिल पुढे झाला, रीतीप्रमाणे वाकला.

“मीतज्यू.”

मंत्र्यांनी त्याचे दोन्ही हात धरले, कॅमेऱ्याकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, “ये सलिलजी हैं. हमारे पुराने इंडियन दोस्त. मुझे शिफ्ट पे छोड़ते थे.”

मंत्र्यांच्या मनगटावर घड्याळ वेगळं होतं. फोटो निघाला. पुढचा माणूस पुढे सरकला.

“बाबा, ही रिमेम्बर्ड युअर नेम,” स्वरदा खूश होऊन म्हणाली.

“हो. स्वच्छ घेतलं.”

गाडीत त्यानं टोपी काढून मागच्या सीटवर ठेवली. स्वरदानं विचारलं, त्यांनी सहीचं सांगितलं का? सांगितलं, तो म्हणाला. मग ती जुनी गोष्ट पुन्हा घोळवत बसली, लहानपणापासून ऐकलेली, त्यानंच तिला त्या क्रमानं सांगितलेली.

“फर्स्ट यू साइन्ड, देन ही मेड यू हिज मीत. राइट?”

सलिलनं गाडी सुरू केली.

मीत लावला तो रविवार होता. सही केली तो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार.