फुगवटा

रुद्राणीनं एका हातानं पोरीचं डोकं उचललं आणि दुसऱ्या हातानं गालाखालचा फोन ओढून काढला. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा तो गरम होता. शिवकन्याच्या गालावर लाल चौकोन उमटला होता. तीन वर्षांची पोर. झोपेतच तिनं ओठ चाटले आणि कूस बदलली.

शेजारी राजेश्वर उताणा घोरत होता. हायवेवरचं सिमेंट-पत्र्याचं दुकान दुपारपुरतं बंद, जेवण झालेलं, पंखा गरगरत होता. चार्जरची वायर त्याच्या बनियनवरून, उशीवरून, पोरीच्या मानेखालून गेलेली.

फोन हातात धरवत नव्हता. मागचं झाकण मेलेल्या बेडकाच्या पोटासारखं वर आलं होतं, आणि ते सुटू नये म्हणून राजेश्वरनं त्याला रबर लावलं होतं. रबराच्या कडेला काळा मळ. काचेवर वरणाचं बोट. झाकणाच्या फटीत सुपारीचा तुकडा. आणि तो वास. दुर्गंधी असती तर बरं. हा गोड होता. कुजत आलेल्या केळ्यांत कुणी नेलपॉलिश सांडावं तसा, घशात जाऊन बसणारा.

तिनं पिन उपसली. राजेश्वरचे डोळे उघडले. घरात चोर शिरला तरी उघडले नसते. चार्जिंग थांबलं की उघडत.

"कावून काढला?"

"फुगलाय. पोरीच्या गालाखाली व्हता."

"हवा हाय ती. दाबली की बसती."

त्यानं फोन मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. आत काहीतरी कर्र वाजलं.

"बघ. बसली."

"दाबू नका ओ!"

"तुला लई कळतंय. इंजिनेर हाईस का?"

त्यानं पिन पुन्हा खोचली, अंगठे बनियनला पुसले आणि घोरणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू केलं.

*

चौसाळ्याच्या स्टँडसमोर सिदूची मोबाइल दुरुस्तीची टपरी. रुद्राणी भाजीच्या पिशवीसकट तिथं उभी राहिली.

"वहिनी, म्या भाऊला तीनदा सांगितलंय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. आत बॅटरीनं पेट घेतला की सहजासहजी इझत न्हाई ती. वाळूच्या घमेल्यात ठेवा, अंगणात, पोरापासून लांब. आन माझ्याकडं आणून द्या. अर्ध्या तासाचं काम."

"मग देत कावून न्हाईत?"

सिदूनं पेचकसानं नखातला मळ काढला. "समोर बसा म्हणलं तर टाईम न्हाई. ठेवून जा म्हणलं तर ठेवत न्हाईत."

"का?"

"वहिनी, ठेवून गेलेला फोन उघडा असतोय."

तो तिच्याकडं न बघता बोलला. तिला जे कळायचं ते कळलं. काय आहे त्यात, हे तिनं विचारलं नाही. घरी येईपर्यंत ते न विचारलेलं तिच्या तळहाताला चिकटून राहिलं. तिनं दोनदा साबण लावला.

*

तिनं राजेश्वरला बॅटरी फुटल्याची बातमी दाखवली. "ते लोक सस्तातले वापरतेत."

चार्जर लपवला. तो शेजारच्या मेडिकलमध्ये फोन चार्जिंगला लावून आला.

पोरीला स्वतःजवळ झोपवलं. पोर उठून बापाच्या उशीवर गेली. तिथं फोनवर ससा नाचत होता.

सासूला म्हणाली, "आत्या, वास येतोय का?" बसम्मानं तपकिरीची चिमूट नाकात सारली. "कशाचा गं?" चाळीस वर्षांच्या तपकिरीनंतर तिच्या नाकाला उरलेलं काम फक्त शिंकण्याचं होतं.

वाळूचं घमेलं मात्र रुद्राणीनं अंगणात आणून ठेवलं. आठ दिवस त्यात नुसती वाळू होती. आठ दिवस ती पोरीला जेवू घालताना फोनकडं बघायची. भीती वाटायची ती पोरीसाठी. स्वतःला नुसती किळस यायची, आणि ती फोनवर सुरू होऊन फोनवर थांबत नव्हती. ज्या हातात तो असे त्या हातानं वाढलेलं पाणीसुद्धा तिला नको झालं होतं.

*

सोमवारी सकाळी राजेश्वर पूजेला बसला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंग अजून ओलसर. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून त्यानं डाव्या तळहातावर घेतलं. फोन त्याच आसनावर, मांडीला टेकून. त्यातून मंत्र चालू, आणि वायर समईला वळसा घालून भिंतीपर्यंत गेलेली. मांडीवर शिवकन्या. शेजारी बसम्मा, डोळे मिटून.

रबर तुटलं. टप्.

झाकण एका बाजूनं उचकटलं. मंत्र चालूच होता. कुणी बघितलं नाही.

रुद्राणीनं परातीतलं पीठ तसंच सोडलं. बॅटरीचं नाव काढलं तर पुन्हा इंजिनेर. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"आत्या, त्यो फोन संडासातून आलाय."

बसम्मानं एक डोळा उघडला.

"रोज नेतेत. मांडीवर ठेवून बसतेत. थुंकी लावून काच पुसतेत. त्योच हात, आन त्याच्यावर लिंग. विटाळ हाय ह्यो, आत्या."

शब्द बाहेर पडला आणि जिभेवर केस आल्यासारखं तिला झालं. ना माहेरी हा शब्द होता, ना सासरी.

"अंगावर लिंग असलं की कसला विटाळ, पोरी," बसम्मा म्हणाली. पाठ केलेलंच म्हणाली. मग थांबली. "मांडीवर?"

"उघड्या."

"आई, हिचं काय ऐकती—"

"हात धुतेत, आत्या. फोन धुवत न्हाईत."

बसम्माच्या नाकपुड्या हलल्या. तिला वास नाही, पण चित्र आलं. चेहरा तोंडात किडा गेल्यासारखा आवळला.

"शीः! ऊठ. आधी ऊठ तिथून! लिंग आत घाल." तिनं सांडशी मागितली.

"थांबा, आपटू नका!" रुद्राणीनं आधी पोरीला उचलून बाजूला केलं, मग पिन काढली, मग नुकत्याच जन्मलेल्या पिलासारखा तो फोन सांडशीत धरून अंगणात नेला आणि वाळूवर ठेवला.

"त्या घाणीचा निकाल लागल्याबिगर म्या पाणी पिणार न्हाई," बसम्मानं आतून जाहीर केलं.

बायकोशी भांडता आलं असतं. उपाशी आईशी काय भांडणार? राजेश्वरनं स्कूटरवर पायांमध्ये घमेलं ठेवलं आणि निघाला.

*

तो दुपारी आला. चप्पल काढायची विसरून आत आला.

"सिदूनं बॅटरी काढली. वाळूत ठेवली टपरीमागं." एवढंच बोलून तो खाली बसला. भुवईचे केस एका बाजूनं होरपळून आखडले होते. तिथं बोट फिरवत म्हणाला, "तिथं पेटली. टपरीचा पत्रा काळा झाला."

शिवकन्या ताटातली भाकरी कुस्करत होती. त्यानं तिच्या गालावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. तो जेवला नाही.

त्या दुपारी रुद्राणी पोरीला पोटाशी धरून गाढ झोपली.

*

विटाळ घमेल्याबरोबर गेला नाही.

नवी बॅटरी घातलेला फोन उंबऱ्याबाहेरच्या खिळ्याला, पिशवीत. हे ठीकच. मग चार्जर बाहेर. मग दुकानातून आलेल्या माणसानं आधी पाय धुवायचे. मग भांडी घासायला येणाऱ्या वनमालाचा कप वेगळा झाला. बसम्मानं तो मोरीच्या खिडकीत ठेवला. वनमालानं कपाकडं बघितलं, रुद्राणीकडं बघितलं, चहा मोरीत ओतला आणि राखेत हात घातला.

रुद्राणी भाकरी थापत राहिली. कुठल्या तोंडानं बोलणार होती?

महिना भरत आला. एका सकाळी ती ओटीपोट दाबत उठली. बसम्मानं ओळखलं. मागच्या ओसरीत तिनं गोणपाट अंथरलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

"तीन दिवस इथं बस."

"आत्या, आपल्यात कधी असलं—"

"तूच म्हणलीस न्हवं?" बसम्माच्या आवाजात राग नव्हता. माया होती. "येवढी वर्सं आमाला कुणी सांगितलंच न्हाई बघ. तुझ्यामुळं डोळे उघडले."

राजेश्वर खिळ्याची पिशवी काढून दुकानाला निघाला. ओसरीकडं त्यानं बघितलं नाही.

रुद्राणी गोणपाटावर बसली. त्याला जुन्या पेंडीचा वास होता.

शिवकन्या आतून धावत आली.

"शिवू नको गं तिला," बसम्मा म्हणाली.

पोर दारात थांबली. आजीकडं बघितलं. आईकडं बघितलं. मग तिनं दोन बोटांनी नाक घट्ट दाबून धरलं, आणि नवा खेळ मिळाल्यासारखी खुदकन हसली.