ओडेसाने घासलेली काहील

मित्रांनो, या खोलीत शिरल्याबरोबर डाव्या हाताला जी मोठी तांब्याची काहील दिसते ना, ती मी. जुनी म्हणजे किती जुनी ते पाटीवर लिहिलं आहे. पाटीवरचं निम्मं खरं आहे. ‘ब्रॅडिक काउंटीच्या आनंदी सामुदायिक जीवनाची साक्षीदार’ असंही तिथे लिहिलं आहे. साक्षीदार मी आहेच. पण साक्षीदाराला कुणी काही विचारलं तर ना! माझी साक्ष एकावन्न वर्षं माझ्या पोटात राहिली आणि तेवढ्या काळात एका भल्या बाईच्या जन्माची माती झाली. ती साक्ष मी तुम्हांला देणार आहे.

मला एनॉस क्रॅबट्री नावाच्या तांबटाने घडवलं. माणूस अबोल, पण हातोडी बोलकी. माझ्या अंगावरचा प्रत्येक ठोका त्याच्या हातचा आहे. हिकरी खोऱ्यातल्या सात घरांनी मिळून मला विकत घेतलं, त्यामुळे मी एका घरची नव्हते. सगळ्यांची वस्तू ती कुणाचीच नाही असं लोक म्हणतात, पण माझी बडदास्त जावयासारखी राहायची.

वर्षाकाठी माझे मोजके दिवस. ऑक्टोबर उजाडला की सफरचंदं उतरवायची आणि ज्या घरची पाळी असेल त्या अंगणात मला चुलीवर चढवायची. आदल्या दिवशी साऱ्या बायका सोलायला, चिरायला बसायच्या. हातात सुरी आणि जिभेला धार, म्हणजे गावातलं एकही माणूस सोलायचं राहत नसे. सकाळी माझ्यात सफरचंदाचा रस उकळायचा, मग फोडी पडायच्या आणि दिवसभर लांब दांड्याच्या लाकडी घोटण्याने ढवळणं चालायचं. ‘दोनदा काठाने, एकदा मधून’ अशी चाल होती. दिवस कलेपर्यंत सगळं आटून काळसर, चकचकीत व्हायचं. इकडे त्याला सफरचंदाचं लोणी म्हणतात. लोणी त्यात औषधालाही नसतं, पण नाव आहे तसं आहे. जोडीने ढवळणाऱ्या पोरापोरीचं घोटणं माझ्या काठावर आपटलं तर पोराला एक मुका मिळायचा. चुकून किती वेळा आपटलं आणि मुद्दाम किती वेळा, ते मला विचारा.

माझ्या बाबतीत दोन नियम होते. पहिला असा की चुलीवर चढवण्याआधी मला सिरका आणि मीठ लावून लखलखीत घासायचं. दुसरा असा की दिवस मावळायच्या आत मला पार रिकामी करायची. भरली काहील झोपवली तर घरात मढं पडतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. का पडतं ते मात्र एकीनेही कधी सांगितलं नाही. खरं कारण साधं होतं. मला कल्हई नव्हती, इतक्या घोटण्यापुढे ती टिकलीच नसती. त्यामुळे आंबट वस्तू माझ्यात गार होऊन पडली की कळकायची आणि तिचं विष व्हायचं. पण कारण सांगायचा कंटाळा आणि भीती घालायची हौस, त्याला काय करणार!

मला घासायचं काम ओडेसा स्टॅम्परचं. ती डोंगरापलीकडून लग्न होऊन आलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तीस वर्षं खोऱ्यात राहिली तरी लोकांच्या तोंडी ती ‘डोंगरापलीकडची’च होती. जीभ तिखट, पण हात असा की घासून झालं की माझ्यात तोंड बघावं. सिरक्याने तिच्या बोटांना भेगा पडायच्या आणि मीठ त्यात झोंबायचं. शिव्या मात्र ती मला घालायची. त्या शिव्या मला फार आवडायच्या.

सन एकोणीसशे चौतीसच्या ऑक्टोबरात रुहामा सेक्स्टनच्या घरची पाळी होती. रुहामा चोवीस वर्षांची. तिची झेला नावाची चार वर्षांची मुलगी, आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेले, सहावा महिना. गोड स्वभावाची, शाळेत चार बुकं शिकलेली. म्हाताऱ्यांच्या मढ्याबिढ्याच्या बोलण्याचं तिला हसू यायचं. त्या सकाळी ओडेसाने मला एकदा नाही, तीनदा घासलं. मी शपथेवर सांगते. त्या दिवशी माझ्यातलं चाळीस माणसांनी चाखलं, घरोघरच्या बरण्या भरल्या. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

संध्याकाळी सगळ्या बायका कंबर धरून उठल्या. ओडेसा मला धुवायला थांबत होती, पण रुहामा म्हणाली की मी धुते, तुम्ही दमलात, जा आता घरी. सगळ्या गेल्या. बुडाशी खरवड राहिली होती. आता खरवड म्हटलं की पोरांचा जीव कसा होतो ते तुम्हांला सांगायला नको. झेला हट्टाला पेटली. पण ती घट्ट बसलेली, निघेना. रुहामाच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. सकाळी सुटेल म्हणून तिने वाटीभर आंबट रस त्यावर ओतला, वर पोतं टाकलं आणि मला मांसाला धुरी द्यायच्या, धुराच्या खोलीमागे ठेवून दिलं.

मित्रांनो, ती रात्र मी कशी काढली ते काय सांगू! रस माझं तांबं खात होता आणि मला कळत होतं. मला तोंड असतं तर मी सारं खोरं उठवलं असतं. सकाळी रुहामाने ती खरवड काढून मक्याच्या भाकरीवर फासली आणि लेकीला दिली. झेलाने भाकर संपवली आणि वाकून बुडाला बोट फिरवून चाटलं. ते इवलंसं बोट मला अजून जाणवतं.

दुपारी पोरीला वांत्या सुरू झाल्या. डॉक्टर अठरा मैलांवर. तो येईपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली आणि झेला गेली.

इथल्या रीतीप्रमाणे दुःखाच्या घरी शेजारच्या बायका भांडी घासायला येतात. ओडेसाही आली. तिला मी त्या धुराच्या खोलीमागे सापडले. तिने पोतं उचललं. बुडाशी हिरवं वलय होतं आणि त्यात बारीक बोटांच्या रेघा होत्या. इतकी वर्षं मला घासणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं होतं? ती माझ्यावर दोन्ही हात टेकून खाली बसली. मग उठून सिरका आणि मीठ घेऊन आली आणि रडत रडत मला घासू लागली. रुहामाच्या नजरेला ते वलय पडू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरून डोव्ही मेसर आली. ही डोव्ही म्हणजे खोऱ्याचं वर्तमानपत्र. ओडेसा चोरून काहील घासते आहे, एवढंच तिने पाहिलं. तासाभरात सगळ्यांना कळलं की डोंगरापलीकडचीने काहील न घासता चढवली होती, पोर त्यानेच गेलं आणि आता ती खुणा पुसते आहे. अरे, चाळीस माणसं खाऊन धडधाकट होती! पण एकानेही तसा विचार केला नाही. दुःखात लोकांना कारण नको असतं, माणूस हवं असतं.

झेलाला माती देऊन सगळे परत आले तेव्हा अंगणात रुहामा ओडेसासमोर उभी राहिली. डोळे कोरडे, हात पोटावर.

“मावशी, खरं सांग. त्या दिवशी तू घासली होतीस ना नीट?”

ओडेसाने त्या पोटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल गं बाई, मी आतल्या आत ओरडत होते. ती एका वाक्यात सुटली असती.

“डोळे अधू झालेत गं माझे,” ओडेसा म्हणाली. “राहिलं असेल कुठे.”

तेवढ्यावर निकाल लागला. रुहामाचा नवरा होबार्ट मला गाडीत घालून ओडेसाच्या दारात टाकून आला. “ही तुझी तूच ठेव,” एवढंच म्हणाला. आपटून माझ्या बुडाला जो पोचा पडला तो तुम्हांला दिसतोच आहे.

पुढची सत्तावीस वर्षं मी ओडेसाच्या गोठ्याशेजारी राहिले. तिला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. समोर आली की लोक मानही हलवायचे. फक्त तिच्या हातचं कुणी खाईना. चर्चच्या अंगणात वर्षातून तीन-चारदा मोठी पंगत असते, लांबच लांब टेबल मांडतात आणि प्रत्येक घरची बाई आपलं भांडं आणून ठेवते. ओडेसा दर वेळी घेवड्याची उसळ घालून मातीचं भांडं न्यायची. येताना ते जसंच्या तसं जड असायचं. माझ्याजवळ उभी राहून ती उसळ कोंबड्यांना घालायची आणि म्हणायची, “आज मीठ जास्त झालं असेल.” सत्तावीस वर्षं तिने उसळ नेली आणि परत आणली. एकदाही न नेता राहिली नाही. तिचा ताठा म्हणा की वेडी आशा म्हणा, मला अजून ठरवता येत नाही.

बोलायला तिला मी एकटीच. त्या हिवाळ्यात एक दिवस येऊन मला म्हणाली, “मुलगा झाला हो रुहामाला. चांगला खणखणीत रडतो म्हणे.” आणि कडेला टेकून खूप वेळ बसली. दर ऑक्टोबरात ती मला सिरका आणि मीठ लावून घासायची. चूल पेटणार नाही हे तिलाही माहीत होतं. पुढे पुढे खरंच तिचे डोळे अधू झाले, तेव्हा ती बोटांनी चाचपून घासायची. एकसष्ट साली ती गेली. पुरायला सहा माणसं होती आणि त्यात खांदा द्यायला पाद्र्याला स्वतःला लागावं लागलं.

मग माझेही हाल झाले. तिच्या भाच्याने मला पेट्रोलपंपवाल्याला दिलं. त्याने माझ्यात माती भरून जिरेनियमची फुलं लावली. वीस वर्षं मी रस्त्याकडेला हिरवी पडत उभी होते. शेवटी काउंटीच्या कोर्टाच्या तळघरात ही इतिहासाची खोली निघाली आणि ती सांभाळणारी डार्सी नावाची मुलगी मला घेऊन आली. डार्सी मोठी गुणी. पुस्तकं वाचून तिने मला घासलं, माझी सगळी माहिती जमवली. मग म्हाताऱ्या माणसांना बोलावून त्यांच्या आठवणी टेपवर घ्यायला लागली.

पंच्याऐंशी साली रुहामा आली. पंचाहत्तर वर्षांची, हातात काठी. मी तिला लगेच ओळखलं. ती माझ्याशेजारी खुर्चीवर बसली आणि बोलू लागली. सफरचंदं सोलणं, ढवळणं, होबार्टला तिने दिलेला मुका, सगळं सांगून झालं. मग झेलावर आली. इतक्या वर्षांनी रडू सरलेलं होतं, नुसती माया उरली होती.

“आदल्या दिवशी खरवडीसाठी रडली होती. मग मी आंबट रस घालून रात्रभर ह्यातच भिजत ठेवली. सकाळी भाकरीवर दिली. इतकी खूश झाली पोर! मी भरवलेला तिचा तो शेवटचा घास. तेवढं एक समाधान आहे बघ मला.”

डार्सी वहीत लिहीत होती. तिचं वय कोवळं, आणि नुकतंच सगळं वाचलेलं. मान वर न करता ती सहज म्हणून गेली, “रात्रभर? आजी, पण कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट राहिलं की त्याचं विष होतं ना. म्हणून तर संध्याकाळी रिकामी करायचे.”

मग तिने मान वर केली आणि तिचा हात तोंडावर गेला. पण सुटलेला शब्द काही परत येत नाही.

टेप फिरत होता. रुहामाने हात पुढे करून माझ्या बुडाशी ठेवला.

“म्हणजे ओडेसामावशीने घासली होती,” ती म्हणाली. “आणि झेला गेल्यावर ती पुन्हा घासत होती, ते माझ्यासाठी. तिला कळलं होतं. मी विचारलं तेव्हा तिने माझ्या पोटाकडे बघितलं होतं.”

डार्सी रडत होती, माफी मागत होती. रुहामाने ती ऐकली की नाही कोण जाणे. काठी टेकत ती उठली.

“मला तिच्याकडे ने.”

“आजी, त्यांना जाऊन चोवीस वर्षं झाली.”

“ठाऊक आहे गं. तरी ने.”

दोघी गेल्या. डार्सीने नंतर तो टेप कुणाला ऐकवला नाही आणि पाटीही बदलली नाही. रुहामाने तसं सांगितलं की डार्सीलाच धीर झाला नाही, मला माहीत नाही. रुहामा पुन्हा इथे आली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी ‘आम्हांला जपा’ असं म्हणायचं असतं. मला नका जपू. मी तांबं आहे, घासलं की उजळते. मोठ्यांनी रीत सांगितली तर तिचं कारण विचारा, आणि तुम्ही मोठे झालात की न विचारता सांगा. आणि तुमच्याही गावात कुणीतरी असेल, जिच्या हातचं लोक खात नाहीत, का ते आता कुणाला धड आठवतही नाही. आज तिच्या घरी जा. ती पानात जे वाढेल ते सगळं खा, आणि थोडं अजून मागून घ्या.